मागच्या खोलीतला पॅरलल फोन

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना वाचते आणि बहुतेक वेळा हसते. खोटं कशाला सांगू. माझा नांदेडला भांड्यांचा धंदा आहे. आमच्याकडे वस्तू नुसती बघून घेत नाहीत, वाजवून घेतात. पातेलं कानाशी धरून टिचकी मारली की पत्रा जाड की पातळ, पितळ खरं की मिसळीचं, सगळं कळतं. जे वाजवून बघता येत नाही ते मी घेत नाही आणि त्यावर विश्वासही ठेवत नाही. भूत, करणी, बाहेरचं… माझ्या लेखी हा विषय कधीच संपलेला होता.

तरी लिहिते आहे, कारण जे घडलं ते मी कानाने ऐकलं. आणि माझा कान चुकत नाही, हे बाजारात कुणालाही विचारा.

आधी घर सांगते, म्हणजे पुढचं कळेल. विष्णुपुरीच्या रस्त्याला आमचं बैठं घर आहे. पुढे बैठक, मधे स्वयंपाकघर, मागे आबांची खोली. आबा म्हणजे माझे सासरे. हदगावकडची शेती थोरल्या दिरांवर सोपवून ते आमच्याकडे राहायला आले ते शेवटपर्यंत इथेच राहिले. माझे मिस्टर नोकरीला, मुलगी एकच, रेणुका. घरात सगळे रेणूच म्हणतात.

आमच्यात सासरा सुनेशी थेट बोलत नाही. सासरे समोर आले की सुनेने डोक्यावर पदर घ्यायचा आणि बाजूला व्हायचं. त्यामुळे आबा माझ्याशी न बोलता भिंतीशी बोलायचे. मी पुढ्यात उभी असले तरी म्हणायचे, "कुणी च्या ठेवीत आसंल तर बघा बरं." रेणू असली तर तिच्यामार्फत – "रेणे, तुझ्या मायला सांग, दार वढून घे." मीही काही कमी नव्हते. "रेणे, आबांना सांग, दार उघडंच बरं हाय, उकडून राहिलंय." पोरगी बिचारी मधे उभी राहून दोघांकडे बघायची.

त्या रीतीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. मी हा धंदा डोक्यावर गाठोडं घेऊन सुरू केला. हदगावच्या आठवडी बाजारात ताडपत्री टाकून बसले, मग हातगाडी केली, मग नांदेडात दुकान. कुणाच्या बापाचा आधार नव्हता. दुकानाच्या उद्घाटनाला सगळी भावकी ट्रॅक्टर करून आली. आबा आले नाहीत. घरातच बसून राहिले, आणि संध्याकाळी मी परत आले तर भिंतीलासुद्धा एक शब्द बोलले नाहीत. हे मी विसरले नाही. कुणी कितीही सांगितलं तरी विसरायला तयार नव्हते.

आता फोनचं. बैठकीत आमचा लँडलाईन होता आणि त्याच वायरीवर आबांच्या खोलीत दुसरा, पॅरलल. आबा फोन कधी करत नसत, घेत नसत. पण बैठकीत मी फोन उचलला की पाठोपाठ 'टक्' व्हायचं आणि आवाज थोडा बसायचा. म्हणजे आबांनी मागचा रिसीव्हर उचललेला असायचा. मी व्यापाऱ्यांशी भाव करायची आणि आबा गुपचूप ऐकायचे. नुसता श्वास ऐकू यायचा.

मला याचा भयंकर राग यायचा. बोलायचं नाही, दुकानात यायचं नाही, आणि सुनेचा व्यवहार चोरून ऐकायचा? मिस्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हातारं माणूस आहे, करमत नाही त्यांना." पण नुसतं ऐकणं असतं तरी चाललं असतं. मी तापले की आबा मागून फोनची दांडी, रिसीव्हर ठेवला की खाली बसते ती, दाबायचे. टक्-टक्.

एकदा धर्माबादचा एक व्यापारी मला पातळ पत्र्याचे डबे जाड म्हणून गळ्यात मारत होता. मी म्हटलं, "शेठ, हा डबा आहे का पत्रावळ? बोट लागलं की चेपतो." तो म्हणाला, "ताई, दुसरीकडं बघा मग." माझं डोकं फिरलं. त्याच्या सात पिढ्यांवर जाणार तेवढ्यात – टक्-टक्. मी चिडून गप्प झाले. आता तो शेठ घाबरला. बाई गप्प झाली म्हणजे दुसरा कुणी व्यापारी बघून ठेवला असणार असं त्याला वाटलं. त्याने स्वतःहून भाव उतरवला.

त्या दिवशी फोन संपवताना मी रिसीव्हरमध्ये सरळ म्हटलं, "ठेवा आता, आबा." क्षणभर काही नाही. मग मागून – टक्.

तेव्हापासून तो नेमच झाला. दर फोनच्या शेवटी मी म्हणायची, "ठेवा आता, आबा." आणि ते ठेवायचे. सासऱ्यांशी मी आयुष्यात थेट बोलले ते हे एवढंच वाक्य. आणि त्यांनी मला थेट दिलेलं उत्तर म्हणजे ते टक्. त्यांची अजून एक खोड होती. रिसीव्हर नेहमी उलटा ठेवायचे, वायरीचं तोंड चुकीच्या बाजूला. मी खोली झाडायला गेले की सुलटा करायची. दुसऱ्या दिवशी परत उलटा.

मग त्याच लाईनवर इंटरनेट घेतलं. बसवणाऱ्याने बैठकीतल्या फोनला स्प्लिटर लावला – बोलणं आणि नेट वेगळं करणारी छोटी पांढरी डबी असते ती – आणि मागच्या फोनला लावायचा कंटाळा केला. परिणाम असा की आबांनी रिसीव्हर उचलला की नेट बंद. रेणू ओरडायची, "आबा, ठेवा ना, माझा व्हिडिओ थांबला." मागून टक्. पुन्हा नेट सुरू. घरातली एक गंमतच होऊन बसली होती ती.

मग आबा गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही. काही महिन्यांनी मी त्या खोलीत दुकानाचा माल ठेवायला लागले, खोके अगदी छतापर्यंत. फोन तिथेच कोनाड्यात राहिला. महाग माल म्हणून खोलीला कुलूप, आणि किल्ली माझ्या कमरेला.

दहावीनंतर रेणू लातूरला गेली. डॉक्टर व्हायचं तर लातूर, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. हॉस्टेलवर मोबाईल आठवडाभर रेक्टर मॅडमकडे जमा. रविवारी दुपारी थोडा वेळ हातात मिळायचा. आमच्या घरात तेव्हा मोबाईलचं नेट म्हणजे गच्चीवर जाऊन हात वर करायचा प्रकार होता, म्हणून मी बैठकीत मोडेमच्या शेजारी टॅब ठेवून बसायची. मला तिला बघायचं असायचं. भांडं नाही, पण माणूस आवाजाने फसवू शकतं. तोंडावरून मला आजवर कुणी फसवलेलं नाही. आणि त्या वर्षी मला वाटून राहिलं होतं की पोरगी काहीतरी लपवते आहे. "जेवले", "झोपले", "चांगलंय" – एवढंच बोलायची. टेस्टचे मार्क मात्र दर आठवड्याला खाली.

पण धड बघू कसं? दर रविवारी बोलायला बसलं की मधेच लाईन जायची. तिचं तोंड चौकोन चौकोन व्हायचं आणि मोडेमवरचा दिवा विझायचा. परत जोडणी होईपर्यंत तिची वेळ संपत यायची. मी एक्स्चेंजला तक्रारी केल्या. तिथल्या माणसाला इतकं बोलले की तो माझा नंबर बघून फोन घेईना. एका रविवारी रेणूच म्हणाली, "मम्मी, तू चिडलीस की लाईन जाते, बघ."

"लाईनला काय कान आहेत?" मी म्हटलं. आणि लाईन गेली.

शेवटी मी लाईनमनला घरीच धरून आणलं. युनूसभाई त्याचं नाव. आला तोच कुरकुरत, "ताई, मोडेम बदला, सगळं ठीक होईल."

"मोडेम दोनदा बदललाय. दुसरं बोला."

मग त्याने भिंतीवरची फोनची डबी उघडली. आतली तांब्याची टोकं हिरवी पडलेली. तो वायरीच्या मागे मागे गेला, मागच्या खोलीचं कुलूप मी काढून दिलं, खोक्यांमधून वाट काढत तो कोनाड्यापर्यंत पोचला. फोन बघून म्हणाला, "ह्या पॅरललला स्प्लिटरच न्हाई. हा कुणी उचलला की नेट खल्लास."

"कुणी उचलत नाही. खोलीला कुलूप असतं."

"मग रविवारीच कसं जाऊन राहिलं?"

"ते तुम्ही सांगायचं ना, भाई. लाईनमन तुम्ही का मी?"

तो हसला. म्हणाला, "ओल आसंल, उंदीर आसंल. मागं नवी डबी, नवा स्प्लिटर लावून देतो."

"मागं आता कोण राहतं? कापा ती वायर."

त्याने कापली. बैठकीत नवी डबी बसवली, स्प्लिटर तिथेच पहिल्या जागेवर, मोडेम सरळ त्यातून. मागच्या फोनला वायरीचं वीतभर टोक तेवढं लटकत राहिलं. ते मी डोळ्यांनी बघितलं. रिसीव्हर तेव्हाही उलटा होता. आबा गेल्यापासून तसाच असणार. मी सवयीने सुलटा केला, कुलूप लावलं, आणि मनात म्हटलं, पुढच्या खेपेला भंगारात हाही टाकून देऊ.

त्या आठवड्यात लाईन एकदाही गेली नाही. मोडेमचे दिवे कसे एका जागी डोळे लावून बसल्यासारखे. मी खूश. युनूसभाईला आलेपाकाच्या वड्या पाठवल्या.

रविवार आला. मिस्टर सोयाबीनच्या कामाला गावाकडे गेले होते, घरात मी एकटी. रेणूचा कॉल लागला आणि पहिल्यांदा मला माझी पोरगी स्वच्छ दिसली. खिडकीकडे पाठ करून बसली होती, तोंडावर अंधार येईल अशी. माझीच पोरगी ती.

"उजेडाकडे तोंड कर."

"कशाला?"

"कर म्हटलं ना."

तिने केलं. गळ्याची हाडं वर आलेली. केसांना कित्येक दिवसांत तेल नाही. "जेवलीस?" म्हटलं तर म्हणाली, "हाव, वांग्याची भाजी होती." आणि बोलताना तिची नजर खाली गेली. गिऱ्हाईक खिशात पैसे असून नाही म्हणतं तेव्हा अशीच नजर जाते.

काळजी वाटली की माझा आवाज चढतो. स्वभाव आहे, काय करू. मी सुरू झाले. आम्ही इथे कुणासाठी राबून राहिलोय, जेवायला मिळतंय तर जेवत का नाहीस, मार्क खाली का येतायत, बाकीच्यांच्या पोरी कशा शिकतात, मी गाठोडं डोक्यावर घेऊन हिंडले तेव्हा मला कुणी विचारलं होतं का… एरवी इथपर्यंत आले की लाईन जायची आणि परत जोडेपर्यंत मी निवलेली असायची. त्या दिवशी लाईन गेली नाही. माझा शब्द न् शब्द लातूरला पोचला, एकही न तुटता. आणि प्रत्येक शब्दागणिक तिचं तोंड कसं होत गेलं तेही मला तितकंच स्वच्छ दिसत होतं. पण थांबता येईना.

आणि मागच्या खोलीतून आवाज आला. टक्.

मंडळी, उंदराचा आवाज मला माहीत आहे. खोक्यात भांडं सरकल्याचा आवाज तर मी झोपेतही ओळखेन. हा रिसीव्हर उचलल्याचा आवाज होता.

मी वाक्य अर्धं सोडलं. टॅबमध्ये रेणूनेही मान वर केली. हळूच म्हणाली, "मम्मी… आबांनी उचलला का?"

माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा म्हणावा तर तसा नव्हता. तोंड उघडून काहीतरी बोलणार, तेवढ्यात – टक्-टक्.

मी गप्प बसले.

दिवे सगळे हिरवे. लाईन चालू. मी काही बोलत नव्हते आणि रेणू माझ्याकडे बघत होती. मग तीच बोलायला लागली. जेवण घशाखाली उतरत नाही म्हणाली. बाथरूमला तेवढी आतून कडी आहे, म्हणून रडायला तिथे जाते. एकदा बॅग घेऊन लातूरच्या स्टँडवर जाऊन आली. नांदेडची गाडी समोर लागलेली होती. "चढले नाही. तू बोलशील म्हणून."

माझ्या जिभेवर दहा गोष्टी आल्या. मागच्या खोलीत कुणीतरी कानाला रिसीव्हर लावून ऐकतंय असं मला इतकं स्पष्ट जाणवत होतं की मी एकही बोलू शकले नाही. मीही तशीच ऐकत राहिले. नुसता श्वास.

सगळं बोलून झाल्यावर तिने डोळे पुसले. म्हणाली, "आज तू आबांसारखं ऐकलंस. आबांना मी सगळं सांगायची. तेही मला सांगायचे. दुकानाच्या उद्घाटनाचंसुद्धा."

"काय सांगायचे?"

"मी विचारलं होतं त्यांना, तुम्ही का नाही गेलात? तर म्हणाले, 'मी गेलो आस्तो तर तुझ्या मायला पदर घिऊन कोपऱ्यात हुभं ऱ्हावं लागलं आस्तं. मालकिणीनं त्या दिशी गल्ल्यावर बसावं का कोपऱ्यात?'"

मी टॅब उचलून आणखी जवळ घेतला.

"आणि म्हणाले, 'म्हून मी फोनवर ऐकतो. तिला पदर घ्यावा लागत न्हाई, अन् मला दुकानात बसल्यावानी वाटतं. लई ग्वाड भांडती तुझी माय.'"

इतकी वर्षं मी जो राग जपला होता, त्याचं काय करायचं ते मला त्या क्षणी कळेना. डोक्यावर पदर घेतला. घरात कुणी नव्हतं, तरी घेतला.

रेणू म्हणाली, "मम्मी, मला घरी यायचंय."

"मी सकाळच्या गाडीने येते. बॅग भरून ठेव."

"बोलणार नाहीस ना?"

"गाडीत नाही बोलणार. घरी आल्यावर तेलावरून बोलेन." ती हसली. किती दिवसांनी हसली. मग म्हणाली, "आबांना ठेवायला सांग."

मी बैठकीतूनच, मागच्या खोलीकडे तोंड करून म्हटलं. "ठेवा आता, आबा."

टक्.

कॉल बंद करून मी किल्ली काढली. कुलूप जसंच्या तसं होतं. खोके हललेले नव्हते. कोनाड्यात फोन होता, कापलेल्या वायरीचं टोक लटकत होतं, त्यातलं तांबं चमकत होतं. रिसीव्हर जागेवर होता.

उलटा.

मिस्टर म्हणतात उंदीर. मी म्हटलं, उंदीर रिसीव्हर उचलतो, टक्-टक् करतो आणि उलटा ठेवून जातो? ते म्हणतात, तूच सुलटा करायला विसरली असशील. मी माझ्या हाताने केलेली गोष्ट विसरत नाही. युनूसभाईला विचारलं, कापलेल्या वायरीवर काही येऊ शकतं का? तो म्हणाला, "ताई, त्यात आता जीवच न्हाई, काय येणार?"

रेणू आता इथेच शिकते. कशाला, किती टक्के, ते विचारू नका. जेवते आहे. नेटही आता काचेच्या वायरीचं, फायबरचं आलं, जुनी लाईन आम्ही काढून टाकली. तो आवाज पुन्हा कधी आला नाही. दुकानात व्यापाऱ्याशी बोलताना तापले की मी मधेच थांबते, आणि समोरचा उगाच घाबरतो. पण मी भावासाठी थांबलेली नसते, ऐकायला थांबलेली असते.

हे काय होतं, कुणाला सांगता आलं तर सांगा. मला कुठूनही वाजवून बघितलं तरी उलगडलेलं नाही. सासूबाईंचा तांब्याचा हंडा मोडीत काढताना मी मागेपुढे बघितलं नव्हतं. हा फोन मात्र कोनाड्यात आहे. पुसायला म्हणून मी रिसीव्हर उचलते, फडका फिरवते, आणि परत ठेवताना उलटाच ठेवते.